मागाचा खड्डा

"पाय बघून टाक गं! पुढं खड्डा आहे!"

या घरात तिच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे. ती नवी नवरी, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, आणि उंबऱ्याच्या आतून सासूचा हा आवाज. ये नाही, बस नाही, दमलीस का नाही. खड्डा आहे. उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला होता आणि बघायला जमलेल्या बायका पोट धरधरून हसल्या होत्या. पुढं कळलं, सासू प्रत्येकालाच असं ओरडते. दूधवाल्याला, पोस्टमनला, भांडायला आलेल्या शेजारणीलासुद्धा. आधी खड्डा, मग भांडण. सासू जाऊन बरीच वर्षं झाली तरी संध्याकाळी बाहेरून आत येताना तिचा पाय उंबऱ्यात आपोआप थबकायचा.

खड्डा मागाचा होता. दारातून आत आलं की डाव्या हाताला, जिथं उजेड सगळ्यात जास्त तिथं, जमिनीत कमरेइतका खोल चौकोन. विणणारा त्याच्या काठावर बसणार, पाय आत सोडणार, आणि आतल्या लाकडी पावड्या आळीपाळीनं दाबत राहणार. वरती माग, मागावर ताणलेलं सूत. घर म्हणजे ही एकच लांबट खोली. पुढं माग, मागं चूल, आणि मधल्या जागेत माणसं. सासऱ्याचं सगळं आयुष्य त्या खड्ड्यात पाय सोडून गेलं होतं. रस्त्यानं चालताना तो कुठल्या तरी लांबच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. मागावर बसला, की घरचा.

तिला आठवा महिना लागला होता. लग्नाला किती वर्षं झाली हे शेजारणींनीसुद्धा विचारायचं सोडून दिलं, तेव्हा कुठं तिला दिवस गेले होते.

आणि रांगणाऱ्या पोराला 'पाय बघून टाक' म्हटलेलं कळत नाही.

नवरा लांब कारखान्यात होता. पगार झाला की यायचा, दुसऱ्या दिवशी जायचा. मागच्या खेपेला चुलीपाशी तिच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "खोली बघितलीय. एकच आहे, पण खाली फरशी आहे, नळ आत आहे. बाळानं मान धरली की न्यायला येतो तुम्हाला."

"आणि मामंजी?"

"त्यांना कुठं तिथं? पाय पसरायला जागा नाही. आणि ते येणारेत का? खड्डा सोडून एक दिवस तरी कुठं गेलेत?" त्यानं हनुवटीवरच्या जुन्या खुणेवरून बोट फिरवलं. "मी यातच पडलो होतो. रक्त थांबेना. बाबांनी उचललं, बाजूला बसवलं, विणत होते ती कड पुरी केली, आणि मग दवाखान्यात नेलं. आई शेवटपर्यंत सांगायची. माझं पोर नाही ठेवायचं मी या घरात."

"मग सांगा की त्यांना तसं."

"सांगतो, सांगतो. बाळ होऊ दे. इतक्यात तू ब्र काढू नकोस तोंडातून. उगाच हाय खातील."

तिनं ब्र काढला नाही. पण न बोललेली गोष्ट पोटात बाळाच्या शेजारी जाऊन बसली आणि बाळासारखीच वाढत राहिली.

त्या वर्षी हवा कोरडीठाक झाली होती. सकाळी दार उघडलं की वारा आत यायचा तो ओठ फोडत यायचा. विणकराच्या घरी कोरडी हवा म्हणजे रोजचं भांडण. सूत ताठरतं, मऊपणा जातो, दर हातभर कापडामागं दोरे तुटतात. त्यावर उपाय एकच, खड्ड्यात पाणी शिंपडायचं. खालून ओल वर चढते आणि सूत नरम राहतं. म्हणून सासऱ्याचे पाय घोट्याखाली कायम पांढरट, पाण्यात भिजत घातल्यासारखे. पण यंदा नळालाच पाणी नव्हतं. दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं.

एके दिवशी ती हंडा काखेला लावून निघाली, तर सासऱ्यानं तो मुकाट्यानं काढून घेतला आणि स्वतः चालू लागला. नळावर बायकांची रांग. त्यात हा एकटा म्हातारा, धोतर सावरत.

"काय हो मागवाले आजोबा," एकीनं सुरुवात केली, "सुनेला खाली ठेवली तर मुंग्या लागतील काय?"

"रांग कुठली?" सासरा म्हणाला.

"शेपटीला. पुरुषमाणूस म्हणून आधी सोडणार नाही हं."

"अगं, सोडा की, म्हातारं माणूस आहे."

"म्हातारं आहे तर घरी बसावं. आमच्या घरचं म्हातारं कधी आलंय का?"

"आमच्यातलं आलं असतं, पण त्याला हंडा कुठला आणि घागर कुठली ते कळत नाही!"

सगळ्या हसल्या. सासरा रांगेत उभा राहिला. येताना डोक्यावरचा हंडा हिंदकळून त्याचा एक खांदा भिजला होता. त्यानं पाणी न्हाणीतल्या पिंपात ओतलं. खड्ड्यात टाकायला तांब्याभरच ठेवलं.

"मामंजी, सूत तुटेल."

"तुटलं तर गाठता येतं," तो म्हणाला. "तू अंघोळ नीट करत जा. उन्हाळा अंगावर येतो या दिवसांत."

मग त्यानं एक नवीन काम काढलं. कुणाला काही बोलला नाही. दुपारी विणणं थांबलं की काचेचा तुकडा घेऊन दाराच्या फळ्या घासायचा. कुसळ राहू नये म्हणून उलटा हात फिरवून बघायचा. सुताला लावायची खळ घरातच शिजायची. तिचं चुलाण त्यानं उचलून परसात नेलं. मागाची वजनं लोंबत होती ती वर बांधली. उंदरांची बिळं काचा आणि चिखल घालून बुजवली, वरून लिंपली.

आणि एका दुपारी ती परसातून आत आली तर सासरा दोन्ही हात जमिनीला टेकून, गुडघ्यांवर, खोलीभर रांगत होता.

तिला हाक मारायचंही सुचेना. तो भिंतीकडेनं गेला, फळीखाली डोकं घातलं, वर उचलताना ते खाडकन आपटलं. "आई गं," म्हणाला आणि पुढं सरकला. तेवढ्यात दारात घाईकाकू. ही गावातली सुईण. "बसत नाही हं, घाई आहे," म्हणत आत यायची आणि दिवेलागणीला उठायची, म्हणून घाईकाकू.

"अगं बाई!" ती ओरडली. "घोडा तयार आहे, पण स्वार अजून यायचाय की हो!"

सासरा तसाच ओणवा राहिला. कान लाल झाले होते. "बघत होतो," तो म्हणाला.

"काय हरवलं?"

"हरवलं नाही. खालून काय काय दिसतं ते बघत होतो. उभं राहून नाही कळत."

मग त्यानं मूठ उघडून दाखवली. गंजका खिळा, एक सुई, पत्र्याची धारदार पट्टी, सुताची गुंतवळ. "हे सगळं इथंच होतं. इतकी वर्षं पायाखाली. आपल्याला दिसतच नाही." त्यानं वर बघितलं, मागावरून लोंबणाऱ्या दोऱ्यांकडं. "आणि हे दोरे. खालून बघितलं की अगदी ओढावेसे वाटतात."

घाईकाकू हसायची थांबली. बसली. तिनं सुनेचं पोट चाचपलं, पायांवरची सूज बोटानं दाबून बघितली, चहा प्याली. जाताना दारात खड्ड्याकडं बोट केलं. "बाकी सगळं झकास हो. पण सुया वेचताय, आणि ही घरातली विहीर?"

सासरा काठाजवळ जाऊन उकिडवा बसला. खड्ड्याला दगडाची किनार होती, चारांपैकी तीन कोपरे अणकुचीदार, आणि एक छिन्नीनं गोल केलेला, जुना, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्याचा अंगठा त्या गोल कोपऱ्यावर फिरत राहिला. त्याच्याकडं बघता बघता तिला नवऱ्याची हनुवटी आठवली, आणि तिनं नजर दुसरीकडं वळवली.

काकू गेली. सासऱ्यानं पाय खड्ड्यात सोडले आणि विणायला लागला. त्याला बोलायचं नसलं की माग बोलायचा. ठाक-ठक, ठाक-ठक. भांडी हलायची, भिंत हलायची, छातीत घुमायचं.

त्या आवाजात तिची जागा ठरलेली होती. मागामागं, भिंतीला टेकून, पुढ्यात रहाट. ती सुताच्या कांड्या भरायची आणि गायची. मागाचा आवाज म्हणजे तिची खोली होती. तिला दार होतं, कडी होती, आत कुणी येत नव्हतं. या घरात तिला बोलायला दुसरं होतंच कोण? नवरा लांब, सासू गेलेली, सासरा दिवसाला चार शब्दांचा धनी. तेव्हा ती पोटातल्याशी बोलायची. ओव्या तिच्या तिनंच जुळवलेल्या, रहाटाच्या फेऱ्याला फेरा लावून.

आजा तासतो रे दार, आजा लिंपतो रे भिंत,
कुणापाशी बोलू बाळा, माझ्या मनातली खंत.

माग वाजत राहायचा. ती बघायची, सासऱ्याची पाठ हलतेय, मान खाली आहे. मग ती धीट व्हायची.

नवी खोली टीचभर, तिथे माणसं ती तीन,
आजा राखीत बसेल एकट्याने ही जमीन.

एकदा तेवढ्यात माग थांबला. तिनं ओवी अर्ध्यातच सोडली. पण सासरा पुढं वाकून दोरा गाठत होता. हल्ली दोरे फारच तुटायचे. गाठ मारायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. मग पुन्हा ठाक-ठक सुरू झालं आणि ती पुन्हा तिच्या खोलीत जाऊन बसली.

व्यापाऱ्याचा माणूस कापड न्यायला आला तो मोटारसायकल दारातच फुरफुरत ठेवून. सूत तोच द्यायचा, कापड तोच न्यायचा. त्यानं घडी उलगडली, दाराच्या उजेडात धरली, आणि विरळ दिसली तिथून आरपार बोट घातलं.

"आजोबा, हे कापड आहे का चाळण?"

सासरा हात पुसत उभा. "हवा कोरडी होती."

"हवा सगळ्यांनाच कोरडी आहे. बाकीच्यांचं कापड बघा जाऊन. खड्ड्यात पाणी टाकत नाही का तुम्ही? चाळीस वर्षं विणताय, आता मी शिकवायचं?"

पाणी कुठं गेलं ते तिला ठाऊक होतं. तिच्या न्हाणीत गेलं होतं, तिच्या सुजलेल्या पायांवर गेलं होतं. ती पुढं झाली, "अहो, पाणी..."

सासऱ्यानं नुसता तळहात आडवा केला.

"मागावर आहे तेवढं पुरं करा," माणूस म्हणाला. "पुढचं सूत नाही आणणार मी. डोळे गेले, हात गेले, कशाला ओढाताण? नातू येतोय ना? खेळवा त्याला."

"चहा टाकायला सांगू?" सासरा म्हणाला.

"नको, गाडी चालू आहे."

गाडीचा धूर बराच वेळ दारात रेंगाळला. सासऱ्यानं पुढची सगळी दुपार विणलं. ती त्या दिवशी गायली नाही.

मागावरचं सूत संपलं त्या सकाळी त्यानं कापड कापून काढलं, घडी केली आणि फळीवर ठेवलं. मग खड्ड्यात उतरला आणि पावड्या सोडवल्या. एक-एक बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसली. त्यांच्यावर त्याच्या तळव्यांचे खळगे पडले होते. भिंतीशी उभ्या करून ठेवताना त्यानं त्या थोड्या सरळ केल्या, नीट उभं राहत नाही अशा लेकराला करावं तशा. नंतर परसातल्या पडक्या गोठ्याची भिंत तो कुदळीनं फोडायला लागला.

पहिली पाटी खड्ड्यात पडली तेव्हा ती भाकरी थापत होती. आवाज बोदा होता. तिनं तवा तसाच ठेवला आणि बघत राहिली. म्हातारा वाकत, टेकत, पाटी कमरेवर घेऊन आत यायचा. रिकामी करायचा. क्षणभर आत बघायचा. परत जायचा. माती आयुष्यभर न उचललेल्या माणसाचं ते माती उचलणं होतं. निम्मी वाटेत सांडत होती. तळहाताला फोड आले, फुटले, त्यानं त्यावर चिंधी गुंडाळली.

घरात आता आवाजच नव्हता. ती रहाटापाशी बसून बघायची, पण भरायला सूत नव्हतं आणि गायला आडोसा नव्हता. भिंतीवरची पाल चुकचुकली तरी दचकायला व्हायचं. दोघं जेवायला बसली की एकमेकांचं चावणं ऐकू यायचं. घर खायला उठलं होतं. आणि प्रत्येक पाटीबरोबर तिला वाटायचं, आता सांगावं. पाटी रिकामी व्हायची, ती तोंड मिटायची. मग पुढची पाटी. नवरा म्हणाला होता मी सांगेन. पण नवऱ्याला कुठं दिसत होतं हे, हा म्हातारा, ही चिंधी, हा कणाकणानं भरत चाललेला खड्डा?

खड्डा गुडघाभर उरला त्या दुपारी तिच्यानं राहवलं नाही. सासरा पाटी कलती करत होता. तिनं पोट सावरत पुढं होऊन पाटीचा काठ दोन्ही हातांनी धरला.

"मामंजी, नका घालू."

"सोड. वजन आहे. तू धरायचं नाहीस."

"नका घालू म्हणते ना."

"का?"

ती एका दमात बोलली. "बाळ इथं राहणारच नाही. मान धरली की आम्ही जाणार. हे न्यायला येणारेत. खोली घेतलीय तिथं. मला म्हणाले, सांगू नकोस. तुम्ही दार घासलंत, रांगलात, लोकांचं ऐकून घेतलंत, आणि मी नुसती बघत बसले. आता हे नका बुजवू. कशाला बुजवता? कुणासाठी?"

सासऱ्यानं पाटी जमिनीवर ठेवली. चिंधी सुटली होती, ती दातानं ओढून बांधली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काकूंनी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. रोज सांगत होतीस की."

तिला काही कळेना. त्यानं बोटानं रहाटाकडं दाखवलं.

"विणकराचा कान असतो तो, पोरी. एवढ्या ठोक्यांत एक दोरा तुटला तरी त्याला ऐकू यायला लागतं, नाहीतर सगळं कापड वाया. मागाचा आवाज मला ऐकूच येत नाही. त्याच्याशिवाय दुसरं जे काही असेल ते येतं." मग चाल न लावता, हिशेब वाचावा तसं म्हणाला, "खोली टीचभर. माणसं तीन."

तिनं पदर तोंडावर घेतला. आडोसा म्हणून जिथं जाऊन बसत होती तिथं हा माणूस सगळा वेळ समोरच बसलेला होता, आणि त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं.

"रडू नकोस. मी काय रागावलोय का?"

"सगळं माहीत होतं," ती पदरातून म्हणाली, "मग हे कशाला चाललंय? त्या व्यापाऱ्यानं सूत नाही आणलं म्हणून?"

"सूत काय, दुसरा कुणी देईल."

"मग?"

"सुट्टीला आणाल ना पोराला? एखादा दिवस?"

"हो. आणू की."

"मग झालं तर. पडायला एक दिवससुद्धा लागत नाही." त्यानं खड्ड्यात बघितलं. "तेवढ्या दिवसापुरतं तरी तुझ्या जिवाला घोर नको. पोराच्या बापाच्याही. तो इथं आला की नीट बसत नाही कधी. बघितलंयस ना? सारखा इकडंच बघत असतो."

वारा दारातून आत आला. भरलेल्या मातीवरची बारीक धूळ उठली आणि दोघांच्या पायांवर बसली. तिनं डोळे पुसले, त्याच्याकडं बघितलं. पांढरट पाय आता मातीनं लाल झाले होते.

"आणि बाकीचे दिवस?" ती म्हणाली. "पोर आलं, गेलं. माग नाही, काम नाही, समोर बोलायला कुणी नाही. बाकीचे दिवस काय करणार तुम्ही इथं?"

सासऱ्यानं पाटी उचलली. रिकामी केली नाही. परत खाली ठेवली. हाताला लागलेली माती दुसऱ्या हातानं खरवडत राहिला, नखातली, बोटांच्या पेरांतली, निघेल तेवढी. मग खड्ड्याकडं बघतच बोलायला लागला.

"रांगायला लागलं की तिथं त्याच्यामागं कुणीतरी लागेल ना. तू चुलीशी असणार. तो पाळीवर असणार. मी दारात झोपेन. मला जागा लागत नाही फार."

त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

"मला एकट्याला नका ठेवू इथं," तो म्हणाला. "मलाही न्या गं."